जबडा बांधण्याआधी

विदर्भात तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करणाऱ्याला खर्रा हा शब्द रोज ऐकावा लागतो. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला खर्रा पानठेल्यांवरून हटला नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरताना आढळले. त्यातल्या काहींचा आजार गालातल्या पांढऱ्या चट्ट्यापासून सुरू होतो आणि खालच्या जबड्याच्या हाडापर्यंत पोचतो. हाड पोखरलं गेलं की तेवढा भाग काढावाच लागतो. त्या जागी काहीच बसवलं नाही तर हनुवटी एका बाजूला ओढली जाते, लाळ गळत राहते, आणि माणूस पंगतीत बसणं बंद करतो.

मी मुख-जबडा शल्यचिकित्सक आहे. काढलेल्या जबड्याच्या जागी आम्ही बहुतेक वेळा फिब्युला बसवतो. नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेलं हे बारीक, लांब हाड आहे. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, त्यामुळे ते काढलं तरी माणूस चालू शकतो. ऑस्ट्रेलियाचे इयान टेलर यांनी 1975 मध्ये रक्तवाहिन्यांसकट फिब्युला एका जागेहून दुसरीकडे नेऊन जिवंत ठेवता येतो हे दाखवलं, आणि न्यूयॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो यांनी 1989 मध्ये तो खालच्या जबड्यासाठी वापरला. अडचण एवढीच, की फिब्युला सरळ आहे आणि जबडा वळणदार. सरळ हाड कापून, कोन देऊन वळवायचं. हे पूर्वी डोळ्यांच्या अंदाजावर, वाकवलेल्या प्लेटवर आणि कापून घेतलेल्या नमुन्यांवर चालायचं. आता ते आधी कॉम्प्युटरवर करता येतं. ही पद्धत करताना आणि शिकवताना जे पटलं, ते खाली लिहिते आहे. क्रमाला फार महत्त्व नाही, फक्त पहिल्या मुद्द्याला आहे.

1. सुरुवात दातांपासून करा, हाडापासून नाही

नवा शिकाऊ डॉक्टर पडद्यासमोर बसला की पहिल्यांदा जबड्याची खालची कड जुळवायला घेतो. कड सुरेख जुळते, एक्स-रेमध्ये छान दिसते, वरिष्ठही मान डोलावतात. मग वर्षभराने दात बसवायची वेळ येते आणि कळतं, की हाड आहे तिथे दात बसणार नाही, आणि दात हवा तिथे हाड नाही.

कारण मापातच आहे. दात शाबूत असलेल्या खालच्या जबड्याची उंची साधारण 30 मिलिमीटर असते. फिब्युलाची जाडी 13 ते 15. म्हणजे निम्मी उंची आधीच गेली. हाड खालच्या कडेला ठेवलं तर चेहऱ्याचा घाट टिकतो, पण इम्प्लांटवरचे दात इतके उंच होतात की चावताना स्क्रूवर भलताच ताण येतो. हाड वर ठेवलं तर दात चांगले बसतात, पण हनुवटीची कड आत गेल्यासारखी दिसते. तिसरा मार्ग म्हणजे फिब्युला दुमडून एकावर एक दोन थर लावायचे. पण त्याला लांबी जास्त लागते, आणि रक्तवाहिनीच्या देठाची लांबी तेवढीच कमी होते. यातलं काय निवडायचं, हे हाड कापायच्या आधी ठरलं पाहिजे. स्वित्झर्लंडचे डेनिस रोनर यांनी याच विचाराने क्रम उलटा केला. आधी दातांची जुळणी, तिच्यावरून इम्प्लांटची जागा, आणि इम्प्लांटवरून हाडाची जागा. माझ्या मते या सगळ्या तंत्रातला सर्वांत मोलाचा विचार हाच आहे. तो अमलात आणायला महागडं यंत्र लागत नाही. फक्त कृत्रिम दंतशास्त्राच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी बोलवावं लागतं.

यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने मला ऑपरेशनआधी एकच प्रश्न विचारला होता. "म्याडम, यायले भाकर खाता येईन का?" मी तिला पडद्यावर नवऱ्याचा जबडा दाखवत होते, रंगीत तुकडे फिरवत होते. तिचं लक्ष तिकडे नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक नियोजनाच्या वेळी शिकाऊ डॉक्टरांना विचारते, या हाडावर भाकरीचा घास चावता येईल का? उत्तर "नाही" असेल तर फाईल परत उघडायची.

2. सीटी नीट नसेल तर पुढे जाऊ नका

पेशंट पिशवीत फिल्म घेऊन येतो. फिल्म नियोजनाला कामाची नाही. डायकॉम फाईल असलेली सीडी किंवा पेनड्राईव्ह लागतो, आणि त्यात एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप लागतात. बऱ्याच केंद्रांत पातळ काप काही दिवसांनी पुसले जातात आणि जाड कापच जपले जातात. जाड कापांवरून बनवलेला जबडा पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो, त्यावर बनवलेली गाईड, म्हणजे करवत कुठे चालवायची ते दाखवणारा साचा, हाडाला चिकटून बसत नाही. सीटीवाल्या तंत्रज्ञांना फोन करून सांगा: पातळ काप, यंत्राचा गोल सरळ, वाकवलेला नको. गोल तिरका ठेवून घेतलेला सीटी काही सॉफ्टवेअरमध्ये तिरपा उघडतो आणि सगळी मापं चुकतात.

धातूच्या कॅप आणि चांदी भरलेले दात सीटीत किरणांसारखे पसरतात, दातांचे आकार त्यात हरवतात. त्यावर उपाय म्हणजे तोंडात स्कॅनर फिरवून दातांचं वेगळं चित्र घ्यायचं आणि ते सीटीवर बसवायचं. पण खर्रा खाणाऱ्या कित्येकांचं तोंड बोटभरही उघडत नाही. तिथे स्कॅनरही जात नाही आणि मापाचा ट्रेही जात नाही. अशा वेळी पेशंटकडे एखादा जुना साचा किंवा जुन्या कवळीचं माप आहे का, हे मी विचारते.

3. गाठ तुमच्या थ्री-डी प्रिंटरसाठी थांबत नाही

सौम्य गाठीत, उदाहरणार्थ अमेलोब्लास्टोमात, घाई नसते. तिथे नियोजन निवांत करावं आणि त्याचा फायदाही सर्वांत जास्त तिथेच होतो, कारण फुगलेल्या हाडावर ऑपरेशनच्या टेबलावर प्लेट वाकवताच येत नाही. कॅन्सरचं तसं नाही. सीटी काढला त्या दिवशी गाठीची हद्द जिथे होती, ऑपरेशनच्या दिवशी ती तिथे असेलच असं नाही. गाईड मात्र पहिल्या हद्दीवर बनलेली असते. महिन्याहून जुन्या सीटीवर मी कॅन्सरचं नियोजन करत नाही. शिवाय गाईडमध्ये कापायची एकच रेघ न ठेवता पुढे-मागे दुसरी रेघही ठेवते. टेबलावर हाडाचा काठ संशयास्पद वाटला तर दुसऱ्या रेघेवर जाता येतं, आणि तेवढा लांब फिब्युलाचा तुकडा आधीच हिशोबात धरलेला असतो.

हिशोब पुढचाही करावा लागतो. रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. परदेशातून प्लेट येण्याची वाट पाहत ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकलायचं, ही नियोजनाची चैन कॅन्सरच्या पेशंटला परवडत नाही. प्लेट वेळेत येणार नसेल तर जबड्याच्या छापलेल्या मॉडेलवर साधी प्लेट वाकवा आणि तारीख पाळा. घाट दोन मिलिमीटर कमी सुबक आला तर चालेल.

4. पायाच्या रक्तवाहिन्या आधी पाहा

पायात खाली तीन मुख्य धमन्या जातात, त्यातली पेरोनियल आपण हाडाबरोबर घेतो. क्वचित एखाद्याच्या पायात उरलेल्या दोन धमन्या बारीक असतात आणि पाऊल बहुतांशी पेरोनियलवरच जगत असतं. तंबाखू आणि मधुमेह यांमुळे धमन्या आधीच अरुंद झालेल्याही असतात. सीटी अँजिओ केल्याशिवाय पायाला हात लावायचा नाही, आणि हाडाच्या नियोजनाची फाईल त्याच अँजिओवरून बनवायची. म्हणजे एका सीटीत दोन्ही कामं होतात.

5. तुकडे कमी ठेवा

पडद्यावर फिब्युलाचे पाच तुकडे करून जबड्याचं वळण हुबेहूब उतरवता येतं. पायातल्या हाडाला ते मानवत नाही. तुकड्यांना रक्त हाडावरच्या पातळ आवरणातून मिळतं. तुकडा दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड झाला की ते आवरण सुटू शकतं आणि तुकडा मरू शकतो. बहुतेक जबड्यांना दोन किंवा तीन तुकडे पुरतात. हनुवटीपासून कानापर्यंतच्या मोठ्या उणिवेत चौथा लागतो, पण त्यापुढे जाण्याची गरज क्वचितच पडते.

6. गाईडची भोकं आणि प्लेटची भोकं एकच असू द्या

ही गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं होतं. जबडा कापण्याआधी कटिंग गाईड हाडावर स्क्रूने बसवतात. त्या स्क्रूंची भोकं नंतर प्लेटच्या स्क्रूंनाच वापरायची, असं नियोजनात आधी ठरवायचं. मग जबडा कापून दोन्ही टोकं सुटी झाली, स्नायूंनी ओढून वेडीवाकडी झाली, तरी प्लेट त्याच भोकांत बसली की दोन्ही टोकं आपोआप मूळ जागी येतात. कानाजवळचा सांधाही तिथेच राहतो, दातांची पकडही तशीच राहते. जुन्या पद्धतीत हे सांभाळायला वरचे-खालचे दात तारेने बांधावे लागत, आणि दात नसलेल्या माणसात तेही शक्य नसे. फिब्युलाच्या गाईडमध्येही हेच करायचं.

करवतीच्या पात्याची जाडी मात्र धरायला विसरायचं नाही. पातं साधारण एक मिलिमीटर हाड खातं. सुतार जसा करवतीचा खाप धरून माप घेतो, तसंच. तीन तुकड्यांच्या जोडणीत ही चूक साचत जाते आणि हनुवटीशी फट दिसते. पात्याची जाडी कंपनीच्या कागदावर वाचून भागत नाही. आपल्या थिएटरमध्ये जी करवत आहे तिचं पातं व्हर्नियरने मोजून तीच संख्या सॉफ्टवेअरमध्ये घाला.

7. हाड शक्य तितका वेळ पायातच जगू द्या

नियोजनाचं खरं फळ इथे दिसतं. गाईड असली की फिब्युलाचे तुकडे, कोन, प्लेट, सगळं पायावर असतानाच होतं. धमनी अजून चालू असते, हाडातून रक्त वाहत असतं. जबडा तयार झाल्यावरच देठ कापायचा आणि मानेतल्या धमनीला, बहुतेक वेळा फेशियल धमनीला, मायक्रोस्कोपखाली जोडायचा. हाड रक्ताविना राहण्याचा काळ यामुळे कमी होतो, आणि जगभरच्या अनुभवात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. 2009 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली तेव्हा सगळ्यांचं लक्ष अचूकतेकडे गेलं. मला वाटतं, अर्ध्या-एक मिलिमीटरच्या अचूकतेपेक्षा हा वाचलेला वेळ पेशंटच्या जास्त कामाचा आहे.

8. आरशातल्या अर्ध्या चेहऱ्यावर सगळा भरवसा नको

निरोगी बाजू उलटवून आजारी बाजूवर ठेवायची, ही सॉफ्टवेअरची सोय मोहात पाडते. पण माणसाचा चेहरा मुळात सारखा नसतो, आणि आजार मधोमध असेल तर उलटवायला निरोगी बाजूच उरत नाही. अशा वेळी वरच्या जबड्याच्या दातांची कमान धरा. ती शाबूत असते आणि घास तिच्याशीच जुळवायचा आहे.

9. महाग यंत्रणा नाही म्हणून थांबू नका

परदेशी कंपनीकडून नियोजन, गाईड आणि खास प्लेट मागवायची म्हटली तर तो खर्च आमच्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाही. महात्मा फुले योजनेतून आलेल्या माणसाला शेत विकायला लावणारं नियोजन मी नियोजन मानत नाही. थ्री-डी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात फिब्युलाने जबडा बांधण्याचं नियोजन करणारा बोन रिकन्स्ट्रक्शन प्लॅनर हा जोडभागही फुकट मिळतो. ते संशोधनासाठी बनवलेलं आहे, त्यामुळे त्यातून निघालेल्या प्रत्येक मापाची जबाबदारी ऑपरेशन करणाऱ्याची. दोन जणांनी वेगवेगळं मोजून पडताळावं. शिकायला वेळ लागतो, पण दंत महाविद्यालयातली मुलं हे फार लवकर उचलतात. संगणकाच्या बाबतीत त्यांच्याकडून शिकायला वरिष्ठांनी अजिबात संकोच करू नये.

स्वस्तातला पहिला टप्पा सगळ्यांना जमण्यासारखा आहे. आजारी भाग पडद्यावर काढून, बांधलेल्या जबड्याचं मॉडेल साध्या थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यावर टायटॅनियमची प्लेट निवांतपणे वाकवायची. प्लेट निर्जंतुक होते आणि मॉडेल बाहेरच राहतं. फक्त एवढं केलं तरी टेबलावरचा बराच वेळ वाचतो.

गाईड शरीरात राहणार नसली तरी उघड्या हाडाला लागणार आहे, म्हणून तिचा पदार्थ वेगळा पाहावा लागतो. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, ऑटोक्लेव्हमध्ये 121 किंवा 134 अंशांना त्याची गाईड वेडीवाकडी होऊन बाहेर येते. शरीरासाठी मान्यता असलेलं रेझिन किंवा नायलॉन घ्यायचं, आणि निर्जंतुक केल्यावर गाईड पुन्हा मॉडेलवर बसवून पाहायची. हे पाहणं कधीही चुकवू नका.

10. थिएटरमध्ये योजना सोडण्याची तयारी ठेवा

पडद्याला हाड दिसतं. हाडाबरोबर घ्यायच्या त्वचेला रक्त देणारी बारीक धमनी पोटरीच्या कोणत्या उंचीवर निघते, हे अँजिओत दरवेळी कळत नाही. गालाच्या आतला मांसल भाग किती काढावा लागेल, हे गाठ हाताने चाचपल्यावर ठरतं. रेडिएशन घेतलेल्या मानेत जोडायला चांगली शीर सापडेल का, हे मान उघडल्यावरच समजतं. म्हणून प्रत्येक पेशंटसाठी मी दुसरी योजनाही कागदावर लिहून थिएटरच्या भिंतीला लावते: गाईड बसली नाही तर काय, त्वचेची धमनी भलत्या जागी निघाली तर हाड कुठून घ्यायचं, फिब्युला वापरताच आला नाही तर नितंबाच्या वरच्या कडेचं हाड की खांद्याच्या पात्याचं. ते लिहिताना भूलतज्ज्ञ आणि सिस्टर दोघेही हजर असावेत. मध्यरात्री गाईड जुळत नसल्याचं कळलं तर कोणता ट्रे उघडायचा, हे सिस्टरला माहीत असणं माझ्या सॉफ्टवेअरच्या कोणत्याही सुविधेइतकंच महत्त्वाचं आहे.

11. वरचा जबडा वेगळा विषय आहे

2021 मध्ये कोविडनंतरच्या म्युकरच्या बुरशीमुळे महाराष्ट्रात कित्येकांचे वरचे जबडे काढावे लागले. मधुमेही, कर्ती माणसं. टाळूला भोक, बोललेलं नाकातून येतं, पाणी नाकातून परत. त्यांच्यासाठी फिब्युला वापरता येतो, पण बुरशी पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत थांबणं भाग आहे. त्या थांबण्याच्या महिन्यांत टाळू झाकणारी प्लेट नीट बनवून दिली तर माणूस निदान जेवतो आणि बोलतो. कित्येकांना पुढे तीच पुरते.

12. कोणता पाय, हे पेशंटलाही विचारा

नियोजनाच्या पडद्यावर पाय म्हणजे हाडाचा साठा असतो. वर गुडघ्याजवळ पाच-सहा सेंटिमीटर आणि खाली घोट्याजवळ सहा-आठ सेंटिमीटर हाड सोडायचं, हे नियम सगळे पाळतात. वर सोडल्याने पाऊल उचलणारा मज्जातंतू वाचतो, खाली सोडल्याने घोटा पक्का राहतो. पण माझ्याकडे येणारा माणूस शेतात निंदायला उकिडवा बसतो, विहिरीच्या पायऱ्या उतरतो, बैल वळवतो. अंगठा वाकवणारा स्नायू फिब्युलालाच चिकटलेला असतो, त्यामुळे पायाचा अंगठा पुढे कमजोर पडू शकतो, किंवा आखडून वाकडा राहू शकतो. त्याचे व्यायाम ऑपरेशनआधीच शिकवले तर नंतर करून घेणं सोपं जातं. फिजिओथेरपिस्टला म्हणूनच मी नियोजनाच्या बैठकीला बोलावते.

हाडाची बाहेरची बाजू धमनीपासून मोकळी असते, प्लेट तिथे लागते. देठ मानेच्या कोणत्या बाजूला उतरायला हवा आणि त्वचेचा तुकडा तोंडात यायचा की बाहेर, यावरून डावा की उजवा हे बहुधा ठरतं. दोन्ही पाय सारखेच चालणार असतील तेव्हा मी निर्णय पेशंटवर सोडते. दारव्ह्याकडच्या एका दूधवाल्याने थोडा विचार करून सांगितलं, "डावाच घ्या म्याडम, उजव्यानं गाडीले किक मारा लागते." त्याच्या फाईलवर मी कारणासकट डावा पाय लिहिला, आणि गाईडही त्याच पायाच्या सीटीवरून छापून घेतली.